कार्नी

कोशात तो आहे, दीड ओळीत:
जत्रेत काम करणारा माणूस. बोलीतला शब्द.
आणि अगदी बारीक टाइपात: कधी कधी तुच्छतेनं.

धंतोलीतल्या माझ्या टेबलावर
पान एकशे बारा तीन दिवस उघडं पडलंय.
पानामागे साठ रुपये मिळतात,
आणि हा एकटा शब्द मधोमध बसलाय
पायरीवर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.
उठत नाही, आत या म्हटलं तर येतही नाही.

जत्रेकरू लिहिलं, खोडलं.
जत्रेकरू म्हणजे जाणारा, नारळ घेऊन, आंघोळ करून.
हा तर तिथंच राहणारा, आंघोळीला पाणी शोधणारा.
पाळणेवाला म्हटलं तर
रिंग फेकायला देणारी बाई बाहेर राहते.
खेळिया गोड आहे, फारच गोड.
त्याच्या नखांत ग्रीस नाही.

म्हणून रेशीमबागच्या मैदानावर गेलो.
दुपारचे चार. पाळणा थांबलेला.
गेंदलाल उईके त्याच्या आऱ्यांमध्ये चढून
नट आवळत होता, एकेक, ओठांत मोजत.
मौत का कुआँच्या फळ्यांवर वाळत घातलेले
लहान मुलाचे तीन शर्ट.
पत्र्याच्या तिकीटखोक्यात पार्बता बिसेन
अंबाडीची भाजी आणि भाकर खात होती,
डबा मांडीवर, गल्ला पायाखाली.

तुम्हाला काय म्हणतात, मी विचारलं.
"कोन?"
लोक.
"लोकं तं काहीबी म्हनतात जी.
पोलीस म्हनते, ए पाळना.
पावतीवाला म्हनते, प्लॉट नंबर नऊ.
शाळंत बाई म्हने, सर्कशीची पोट्टी.
सर्कस म्या अजून पायली नाई."

आणि तुम्ही, एकमेकांना?

वरचा पाना वाजायचा थांबला.
ती हसली, हात धुतला, पदराला पुसला.
"हाय एक शब्द. सांगत नाई.
आमी म्हटला तं लाड,
तुमी म्हटला तं शिवी."

इंग्रजीतही नेमकं हेच, वहीत लिहून घेतलं.
आतून हाक, बाहेरून खडा.
कोशाला बारीक टाइपात एवढंच सांगता आलं होतं,
तेही अर्धं.

"तुमाले काय म्हनतो ते सांगू?"
आम्हाला?
"उभे.
आज उभे कमी हायेत. उभे आले, लाइट लाव.
बसा, समजंल."

पन्नासचं तिकीट. पैसे तिनं घेतले, सोडले नाहीत.
दांडी खटकन लागली. गेंदलालनं कळ ओढली.
सक्करदऱ्याचं तळं आलं, गेलं,
गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, पापड, एक माणूस अंडरशर्टात,
आणि खाली ते. तोंडं वर, हातात कणीस,
एक डोळा पोरांवर, एक चपलांवर.
ज्यांच्या खिशात घराची किल्ली असते
ती माणसं अशी उभी राहतात, वजन टाचांवर टाकून.
मला माझी सायकलही दिसली, झाडाला कुलूप लावलेली.
पोटात कालवलं. ते पाळण्यानंच, असं मी धरून चाललो.

पंधरा दिवसांनी मैदान मोकळं होतं.
चार खड्डे, ऑइलचा डाग,
त्यावर क्रिकेट खेळणारी पोरं.
तर्रीपोहेवाला म्हणाला, गोंदियाले गेले असतीन, नाई तं दुर्गले.

पान एकशे बारा पाठवून दिलं.
कार्नी तसाच ठेवला, टीप दिली नाही.
संपादकांचा फोन आला: वाचकाला कळेल का?
नाही, म्हटलं.
साठमधले दहा कापले त्यांनी.

तिकीट शर्टाच्या खिशात राहिलं होतं, शर्टासोबत धुतलं गेलं.
सुकल्यावर पाहिलं तर मागं
पेनानं लिहिलेली तीन अक्षरं, पसरलेली.
हिशेब नसावा, आकडे नव्हते.
पहिलं अक्षर भ असेल.
किंवा म.